सायनोटाइपमध्ये (अतिनील प्रकाशाने निळे फोटो छापण्याची पद्धत) पांढरा भाग निळसर का येतो? निगेटिव्ह (उलट्या छटांची पारदर्शक फिल्म) इंकजेट प्रिंटरवर काढली आहे.

एकतर एक्स्पोजर (प्रकाश देण्याची वेळ) जास्त होतंय, नाहीतर निगेटिव्हवरची शाई अतिनील किरण पुरेसे अडवत नाही. आधी वेळ पक्की करा. रसायनाचा लेप दिलेल्या कागदाच्या पट्टीवर कोरी फिल्म ठेवून ती प्रकाशात धरा आणि दर 2 मिनिटांनी एकेक टप्पा झाका. धुऊन पूर्ण वाळल्यावर (ओल्यात रंग फसवतो) ज्या टप्प्यानंतर निळा आणखी गडद होत नाही, ती तुमची वेळ. कर्व्ह (निगेटिव्हच्या छटा प्रिंटशी जुळवणारी दुरुस्ती) त्यानंतरच बनवा.

तरीही पांढऱ्यात निळं राहिलं, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (छपाईच्या सेटिंगमध्ये) ग्लॉसी फोटो पेपर निवडून शाई वाढवा. पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) सहसा अतिनील किरण जास्त अडवते. फिल्म इंकजेटचीच घ्या. लेझरच्या शीटवर शाई थेंब धरते. निगेटिव्ह मिरर करून छापा, म्हणजे शाईची बाजू कागदाला टेकेल. नाहीतर बारकावे धूसर होतात.