लेक छातीच्या वॉर्डात आहे, झोप लागत नाही

प्रश्न : सिस्टर, माझी धाकटी लेक मुंबईत छातीविकार विभागात निवासी डॉक्टर आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, आमच्याकडचा टीबी आता नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही." त्याच आठवड्यात एका पेशंटच्या नातेवाइकांनी तिच्या सहकाऱ्याला मारलं. जंतूला भ्यावं की माणसांना, तेच कळेना. तिला घरी बोलावून घेऊ का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा छातीच्याच वॉर्डात. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

आधी जंतूचं. फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि त्यातले मोजके एखाद्या औषधाला आधीपासूनच पुरून उरणारे असतात. म्हणून तर तीन-चार औषधं एकदम देतात. पेशंटला दोन महिन्यांत बरं वाटतं, तो गावी जातो, गोळ्या सुटतात, आणि नेमके ते चिवट जंतू मागे राहून वाढतात. मग तेच खोकल्यातून दुसऱ्याला जातात, ज्यानं एकही गोळी चुकवलेली नसते. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईत, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे बारा रुग्ण सापडल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या ड्यूटीरूममध्ये कुणी चहा प्यायलं नाही.

पण तेव्हाचे उपचार आणि आताचे यात फार फरक आहे. तेव्हा दोन-दोन वर्षं औषधं, शिवाय कित्येक महिने रोज इंजेक्शन. एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. एके सकाळी मी त्याला हाक मारली, तो खिडकीबाहेरच बघत राहिला. खांद्याला हात लावल्यावर दचकला. इंजेक्शननं कान गेले होते. टीबी बरा झाला, ऐकू मात्र परत आलं नाही. आता अशा चिवट टीबीवर बेडाक्विलिन नावाची गोळी आहे, आणि त्याच्यासह सहा महिन्यांच्या, इंजेक्शन नसलेल्या उपचारालाही २०२४ मध्ये आपल्या सरकारनं मंजुरी दिली. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल की नाही, हे सीबीनॅट या थुंकीच्या मशीन-तपासणीत दोनेक तासांत कळतं.

लेकीला एवढंच विचारा : एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसतो का, दोन्ही पट्ट्या डोक्यामागे घेतेस का, आणि वॉर्डाच्या खिडक्या उघड्या असतात का? थंडीत पेशंट खिडक्या लावून घेतात, मी रोज पहाटे उघडत फिरायची. दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासायचीच. माझ्या बरोबरच्या एका सिस्टरनं तीन महिने खोकला लपवला, सुट्टी मिळणार नाही म्हणून. तिचं एक फुफ्फुस निकामी झालं.

आता माणसांचं. २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीत त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, हे तुम्हाला आठवत असेल. आपल्या महाराष्ट्रात २०१० पासून अशा मारहाणीविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. तरी रात्री दोनला बेडपाशी पोलीस नसतो. माझ्यावर एकदा सलाईनचा स्टँड उगारला गेला. वडील गेले होते आणि मुलगा रात्रीच्या एसटीनं आला होता. आधीच्या तीन पाळ्यांत त्याच्या घरच्यांना कुणीही सांगितलं नव्हतं की वडील वाचणार नाहीत. मीही नाही, मला ते डॉक्टरांचं काम वाटलं. त्या मुलाचा राग मला आजही चुकीचा वाटत नाही, त्यानं हात उगारला तो चुकीचा. तेव्हापासून प्रकृती ढासळू लागली की मी त्याच दिवशी नातेवाइकांना बसवून सांगू लागले. खुर्ची देऊन, पाणी देऊन, आणि कधीही एकटीनं नाही. दार आपल्या पाठीशी असावं, त्यांच्या नव्हे. लेकीलाही हे सांगा. आणि साधी शिवीगाळ झाली तरी वरिष्ठांकडे लेखी द्यायचं, तोंडी नाही.

बोलावून घेऊ नका, ताई. तुम्हीच चार दिवस जाऊन या. तिच्याबरोबर नाइटला कोण असतं, झोपायची खोली आतून बंद होते का, ते डोळ्यांनी बघा. आणि जाताना शेंगदाण्याची चटणी, भाकरी न्या. पहाटे चारला वॉर्डात फार भूक लागते.