बोगनव्हिल: मत दिलं, देश कधी?

प्रश्न: पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल या स्वायत्त बेट-प्रदेशात सार्वमत झालं, जवळपास सगळ्यांनी स्वातंत्र्य मागितलं, तरी अजून देश का नाही झाला? आणि तांब्याची एवढी मोठी खाण असताना पैशाची काय अडचण?

उत्तर: कारण ते सार्वमत बंधनकारक नव्हतं. 2001 च्या शांतता करारातच ठरलेलं की लोकांनी मत द्यायचं, मग बोगनव्हिल आणि पापुआ न्यू गिनी या दोन्ही सरकारांनी बोलायचं आणि शेवटचा शब्द पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा. 2019 ला सुमारे 98 टक्के लोकांनी स्वातंत्र्य निवडलं आणि तेव्हापासून चर्चाच चालूय, त्यात संसदेत साधं बहुमत पुरेल की दोन तृतीयांश लागेल यावरही वाद. पोर्ट मोर्स्बीला, म्हणजे पापुआ न्यू गिनीच्या राजधानीतल्या केंद्र सरकारला, भीती अशी की यांना सोडलं तर न्यू आयर्लंडसारखे इतर प्रांतही मागे लागतील. भीती समजते, पण एवढा स्पष्ट कौल वर्षानुवर्षं लटकवून ठेवणं मला अन्यायच वाटतो. बोगनव्हिलच्या नेत्यांनी तर 1 सप्टेंबर 2027 ही तारीखही सांगून टाकलीय.

आता पैसा. बोगनव्हिलमधली पांगुना ही तांब्याची खाण 1972 ला सुरू झाली, पापुआ न्यू गिनीच्या निर्यातीचा मोठा हिस्सा तिथूनच यायचा, पण ज्यांची जमीन त्यांच्या हातात फार थोडं पडलं आणि खाणीचा कचरा सरळ नदीत, एक अब्ज टनांच्या वर! शेवटी लोक उठले, 1989 ला खाण बंद पडली आणि नंतरच्या जवळपास दहा वर्षांच्या युद्धात अंदाजे 15 ते 20 हजार माणसं गेली, लढाईत कमी आणि नाकेबंदीत औषधं न मिळाल्याने कितीतरी जास्त. म्हणजे ज्या खाणीवर नवा देश उभा करायचा म्हणतात तीच तिथली सगळ्यात मोठी जखम आहे. बोगनव्हिलचे आताचे अध्यक्ष इश्माएल तोरोआमा स्वतः त्या युद्धातले बंडखोरांचे कमांडर, आणि तेच आज खाण परत सुरू करायच्या बाजूने आहेत, यावरून पैशाची निकड किती आहे ते कळतं. सध्या सरकारचा खर्च मुख्यतः पोर्ट मोर्स्बीहून येणाऱ्या अनुदानावर चालतो, स्वतःचा कर फार कमी जमतो, बाकी लोकांकडे कोको आणि खोबरं.

खाण उद्या ठरवली तरी उद्या चालू होत नाही. रस्ते, वीज, बंदर सगळं नव्याने उभं करायला प्रचंड भांडवल आणि बरीच वर्षं लागतील, आणि जमीनमालकांची संमती हवीच. तिथे बहुतेक भागात जमीन आईकडून मुलीकडे जाते, त्यामुळे त्या बायकांना बाजूला ठेवून केलेला कुठलाही करार टिकणार नाही असं मला ठामपणे वाटतं. माझ्या मते आधी कोको, मासेमारी आणि करवसुली नीट बसवावी, खाणीचं नंतर बघावं.

प्रश्न: पण एवढासा देश चालेल का?

उत्तर: लोकसंख्या अडचण नाहीच हो. बोगनव्हिलमध्ये तीन लाखांच्या आसपास माणसं आहेत, नाउरू आणि तुवालू या चिमुकल्या बेट-देशांत प्रत्येकी दहा-बारा हजारांच्या आसपास, तरी दोघे संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत. मात्र नाउरूचं बघा, फॉस्फेट विकून एकेकाळी प्रचंड श्रीमंत झाला आणि साठा संपत आल्यावर पार कंगाल. पांगुनाच्या तांब्यावर सगळी मदार ठेवणाऱ्यांनी हे आधी वाचावं.