बोललो तर भांडण, गप्प बसलो तर दुरावा

"मुलीशी बोलायला गेलो की भांडण होतं, गप्प बसलो तर ती दुरावते. करू काय?" लैंगिकता, जात, धर्म असला विषय घरात निघाला की बरेच पालक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. या गृहस्थांच्या मुलीने आपल्याला मुलीच आवडतात, असं घरी सांगितलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांनी तिला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून आणले होते. कागद आणणारे पालक मला बरे वाटतात, निदान त्यांनी बसून विचार केलेला असतो. मी तो मोठ्याने वाचायला सांगितला. 'कुणाच्या संगतीने झालं?' 'डॉक्टरांना दाखवायचं का?' 'नातेवाइकांना काय सांगायचं?' आणि अगदी तळाशी, वेगळ्या शाईत, 'तुला हे कधीपासून जाणवतंय?'

"यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर फक्त तिच्याकडे आहे?" त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

डॉक्टरांचा मुद्दा लवकर मिटला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं. बरं करण्यासारखं त्यात काही नाही आणि तसे 'उपचार' नुकसानच करतात. संगतीने हे होत नाही. नातेवाइकांचा प्रश्न मात्र अवघड. कुणाला आणि कधी सांगायचं हे मुलगी ठरवणार, हे पचायला त्यांना वेळ लागला.

मग बोलायचं कसं? २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या मायामीमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात घरोघरी जाऊन ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयी साधारण १० मिनिटं गप्पा मारल्या गेल्या. वाद न घालता लोकांना विचारलं, वेगळे म्हणून तुम्हाला कधी कुणी नावं ठेवली होती का? लोकांच्या मनातला आकस कमी झाला आणि तो परिणाम ३ महिन्यांनंतरही टिकून होता. घरात मुलीचं मन वळवायचं नसतंच, पण हा प्रश्न मी पालकांनाच विचारते.

ते बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "शाळेत मी तोतरा बोलायचो. हजेरी सुरू झाली की माझा नंबर यायच्या आधीच पोरं हसायला लागायची. पोट दुखतंय सांगून घरी राहायचो."

"मुलीला माहीत आहे?"

"छे!"

"तिला सांगा. पण 'माझंही तुझ्यासारखंच झालं होतं' म्हणू नका, तसं नसतं ते. मग तो शेवटचा प्रश्न विचारा, आणि ती बोलत असताना मध्येच 'पण' काढू नका."

पुढच्या भेटीत म्हणाले, "आठवीपासून म्हणाली." त्याचा त्यांना रागच आला होता, इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून, आणि त्यावरून थोडी वादावादीही झाली. पण या वेळी ती खोलीत निघून गेली नाही. नातेवाइकांवरून मतभेद आहेतच.

"तिला इथे घेऊन येऊ का?"

"आधी तिला विचारा."