रहिवाशांनी मिळून सार्वजनिक भूखंडावर बाग करायची असल्यास अनुदान कोठे मागावे?

ऐरोलीत आपल्या इमारतीसमोरच्या अर्ध्या एकराच्या सार्वजनिक भूखंडावर राडारोडा टाकला जातो, ती जागा रहिवाशांनी मिळून हिरवी करायचे ठरवले आहे आणि त्यासाठी अनुदान हवे आहे, असे आपण लिहिले आहे. नेरूळमधील अशाच एका जागेवर आम्ही काही शेजारी गेली आठ वर्षे काम करीत आहोत. त्या अनुभवावरून सांगतो की, अर्ज झाडे लावण्यासाठी करू नका, जगवण्यासाठी करा.

आम्ही पहिल्या वर्षी नेमके उलटे केले. एका कंपनीने 200 रोपे, ट्री गार्ड आणि नावाचा फलक दिला आणि जूनमधल्या एका रविवारी दोन तासांत लागवड उरकली. पुढे पाणी कोण घालणार, याची तरतूद कोणत्याच कागदावर नव्हती. एप्रिलमध्ये वाळलेला एक करंज मी उपटला, तेव्हा मुळांभोवती रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती आणि आत मुळे गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती. करंजासारखे चिवट झाड तसे मेलेले पाहून मला फार वाईट वाटले, आणि ती चूक आमचीही होती.

पैशांआधी जागा कोणाची, हे पाहावे. नवी मुंबई वसवणारे शासकीय महामंडळ सिडको 1970 सालचे आणि नवी मुंबई महानगरपालिका 1992 पासूनची. त्यामुळे काही भूखंड महापालिकेकडे हस्तांतरित झालेले असतात, काही सिडकोच्याच नावावर असतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. विकास आराखड्यात त्या जागेवर शाळेचे वा बाजाराचे आरक्षण नाही ना, वरून उच्चदाब विद्युतवाहिनी जात नाही ना, याचीही खात्री करून मालक संस्थेकडून देखभालीचे लेखी परवानगीपत्र घ्यावे. या पत्राशिवाय कोणतीही जबाबदार कंपनी पुढे येत नाही, आणि तिने येऊही नये.

सरकारी योजनांमधून आपल्या हाती थेट फारसे काही लागणार नाही. केंद्राच्या नगर वन योजनेत, जी 2020 साली जाहीर झाली, लहान नगर वाटिकेलाही किमान 1 हेक्टर, म्हणजे जवळपास अडीच एकर जागा लागते. शहरांतील सोयींसाठीच्या केंद्राच्या अमृत अभियानातील उद्यानांचा पैसा महापालिकेकडे जातो. आमदार निधीतून कुंपणभिंत किंवा पायवाट होऊ शकते; माळ्याचा पगार त्यातून निघत नाही.

म्हणून खरा मार्ग उरतो तो कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजेच सीएसआरचा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. पर्यावरण हा विषय त्यात स्पष्टपणे आहे, आणि कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हेच कलम सांगते. आपल्यासाठी हा परिसर म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. मात्र येथे बहुतेक सोसायट्या अडखळतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खात्यात हा निधी घेता येत नाही. त्यासाठी 12ए आणि 80जी ही प्राप्तिकर सवलतीची नोंदणी असलेला आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा नोंदणी अर्ज भरून क्रमांक मिळवलेला सार्वजनिक न्यास किंवा नोंदणीकृत संस्था लागते. नवीन न्यास काढण्यात वेळ घालवण्यापेक्षा शहरात वृक्षसंवर्धनाचे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेशी लेखी करार करून तिच्यामार्फत अर्ज करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कंपनी स्वतः थेट खर्च करूनही हे काम करू शकते.

या नियमांतली एक तरतूद फार कमी लोक वापरतात. कंपनीला एखादे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करता येते आणि सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढील तीन वर्षांपर्यंत त्यावर खर्च करता येतो. आपल्या हवेत रोपाला स्वतःच्या मुळांवर उभे राहायला जवळपास तेवढाच काळ लागतो, म्हणून अर्जात हा शब्द मुद्दाम लिहावा. आमच्या दुसऱ्या अर्जात पहिली ओळ माळ्याच्या पगाराची होती, दुसरी ऑक्टोबर ते मे या काळातल्या पाण्याची, तिसरी राडारोडा उचलून लाल माती व शेणखत भरण्याची, आणि रोपे सर्वांत शेवटी. खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत फूटभर खाली विटा आणि सिमेंटच लागते, त्यामुळे तिसरी ओळ कापू देऊ नका. झाडांत बकुळ, तामण, कांचन, कडुनिंब अशी इथली झाडे ठेवा, आणि संख्या कमी ठेवा. आम्ही दुसऱ्या खेपेस फक्त 60 लावली.

एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षाचा आराखडा कंपन्या बहुधा आधीच ठरवतात, म्हणून परवानगीपत्र दिवाळीपर्यंत हाती येईल असे पाहा. ते येईपर्यंत खड्डेसुद्धा खणू नका.