चिनी मीनाकारी गोळे आणि हाताच्या मुंग्या: तुमचे प्रश्न

हाताच्या फिजिओथेरपीला येणारे पेशंट हल्ली पिशवीतून डबी काढतात, आत तळहातात फिरवायचे दोन निळे चकचकीत गोळे, ऑनलाइन मागवलेले नाहीतर कुणी चीनहून आणलेले, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच. म्हणून एकदाच लिहिते.

प्रश्न: हलवले की आतून टुणटुण वाजतं. पीस खराब आहे का?

नाही, ते पोकळ असतात आणि आवाज मुद्दाम ठेवलेला असतो, जोडीतला एक बारीक वाजतो, एक जाड.

प्रश्न: दुकानदार म्हणतो हे तिबेटी साधूंचे आहेत.

काहीही सांगतात. हे चीनच्या हबेई प्रांतातल्या बाओडिंग शहराचे. तिथली म्हणच आहे की बाओडिंगची रत्नं तीन, लोखंडी गोळे, एक सॉस आणि एक लोणच्याची पालेभाजी. जुने गोळे साधे लोखंडी. तुमच्याकडचे नक्षीचे असतील तर त्यात तांब्याच्या बारीक तारांचे खण करून काचेची रंगीत पूड भरतात, भट्टीत भाजतात आणि घासून गुळगुळीत करतात. पण नुसता रंग मारून मीनाकारीच्या भावात विकणारे खूप आहेत, तेव्हा जपून.

प्रश्न: साइज कोणती घेऊ?

सुरुवातीला 40 मिलिमीटरच्या आसपास, हात लहान असेल तर 35. आणि पलंगावर बसून फिरवा, फरशीवर पडला तर मीना उडतो, पायावर पडला तर बोट मोडतं.

प्रश्न: तळहातावरचे पॉइंट दाबले जाऊन शुगर, बीपी उतरतं असं व्हिडिओत बघितलं. गोळी कमी करू का?

अजिबात नाही. बोटांना व्यायाम होतो, हात मोकळा होतो, बस. डबीत तळहाताचा नकाशा छापून दिला म्हणजे औषध होत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धी गोळीसुद्धा कमी करू नका.

प्रश्न: रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात. शेजारणीचा हात गोळे फिरवून बरा झाला म्हणून चार महिने फिरवतेय, फरक नाही. मोठे घेऊ का?

मोठे नकोत, आहेत तेही आधी बंद करा. चार महिने हो! आता नीट बघा, अंगठा, पहिलं बोट, मधलं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते आणि करंगळी ठीक असते का? रात्री जाग येऊन हात झटकावा लागतो का? तसं असेल तर मनगटात नस दबत असण्याची दाट शक्यता आहे, कार्पल टनेल म्हणतात ते. त्या अरुंद बोळातून नसेबरोबर बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात, गोळे फिरवताना त्याच सारख्या पुढेमागे होतात, त्यांच्याभोवती सूज असली की नसेला जागा आणखी कमी. माझ्याकडे ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आल्या, आठ महिने गोळे फिरवून. त्यांचे दोन्ही तळहात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर उजव्या अंगठ्याच्या बुडाची गादी चक्क बसलेली, हुक लावता येईना, सुई हातातून गळायची. तो स्नायू एवढा झिजला की ऑपरेशन करूनही पूर्ण भरेलच असं नाही. हेच सुरुवातीला आलं तर पुष्कळदा रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्ट्याने भागतं. थायरॉइड, शुगर, गरोदरपण यातही नस दबते, मानेतूनही मुंग्या येऊ शकतात, म्हणून घरी ठरवू नका. याच आठवड्यात ऑर्थोपेडिक किंवा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, ते सांगतील तर नसेची टेस्ट करा, शेजारणीचा हात गोळे फिरवून बरा झाला असेल, तुमचा तोच आजार आहे हे कुणी तपासलंय?

प्रश्न: बाबांना पॅरालिसिस झालाय, मूठ उघडत नाही. गोळा देऊ का?

स्वतःहून नको. घट्ट झालेल्या हातात वस्तू कोंबली की मूठ आणखी आवळली जाऊ शकते, आणि संवेदना नसेल तर लागलेलंही कळत नाही. थेरपिस्टला हात दाखवून विचारा. तोंड पुन्हा वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर मालिश करत बसू नका, लगेच हॉस्पिटल, मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं.

प्रश्न: मीना थोडा उडालाय, नातू त्यांच्याशी खेळतो.

आजच काढून घ्या. ती काच आहे, कड कापते, रंगात शिसं असू शकतं. तुकडा तोंडात गेला असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न: धुवायचे कसे?

पाण्यात बुडवू नका, मऊ कोरड्या फडक्याने पुसा.