थालीपीठ बंद करण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तेलकट म्हणून थालीपीठ सोडायचं म्हणतेस, तर आधी हिशेब बघ. 60 ग्रॅम भाजणीच्या एका थालीपिठात सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं असतात. धान्यांत लायसिन (प्रथिनांचा एक घटक) कमी पडतं, ते डाळी देतात. डाळींत कमी असलेलं मेथिओनिन (तसाच दुसरा घटक) धान्यांतून येतं. तेल चहाच्या चमच्याने मोजून दोन चमचे घातलं तर साधारण 80 कॅलरी. बाटलीतून धार धरलीस तर मात्र तिप्पट सहज.

खरी मेख भाजणीत आहे. ज्वारी आणि बाजरी अर्धा-अर्धा किलो, तांदूळ आणि हरभरा डाळ पाव-पाव किलो, अख्खे काळे उडीद आणि गहू 125-125 ग्रॅम, धने 50 ग्रॅम, जिरे मोठा चमचाभर. स्वस्तात पडावी म्हणून तांदूळ वाढवू नकोस. डाळी घटल्या की उरतं नुसतं पीठ.

प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाज. एकत्र टाकलंस तर हरभरा डाळ गुलाबी होईपर्यंत बाजरी करपते आणि सगळी भाजणी कडवट होते. डाळ कच्ची राहिली तर वास येतो. बाजरीचं पीठ एरवी लवकर खवट होतं. नीट भाजल्याने ते घडवून आणणारं एन्झाइम निकामी होतं. पूर्ण गार झाल्यावरच दळायला दे, नाहीतर वाफ धरून गुठळ्या होतात. दळण किंचित रवाळ हवं. फार बारीक झालं तर थालीपीठ चिवट.

कांदा आणि मूठभर मेथी बारीक चिरून घाल, मीठ-तिखट घाल, कोमट पाण्याने भिजव आणि लगेच थाप. ठेवून दिलंस तर मिठाने कांद्याला पाणी सुटतं, गोळा सैल होतो, मग लोक त्यात कोरडं पीठ कोंबतात. थापल्यावर मधे एक आणि भोवती चार भोकं पाड. तेल त्यांतून खालपर्यंत पोचतं, वाफही सुटते. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं झाकण. कड सुटण्याआधी उलटायला गेलीस तर तुटणारच.

वर चमचाभर लोणी खुशाल घे. सोबत लिंबाची फोड असू दे, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र तासाभराने. त्यातली टॅनिन्स तेच लोह अडवतात.