आरोग्याच्या सवयी बदलण्याबद्दल मानसशास्त्रात कोणते सिद्धांत आहेत? आईला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, सगळं कळतं तरी ती चालत नाही. शेवटी सगळं इच्छाशक्तीवरच येतं का?

तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहिते आहे. नाही येत. आमच्या घरात हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलंय आणि त्यापायी माझ्या वडिलांनी नाहक बोलणी खाल्ली आहेत.

बाबांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. रोज सकाळी एक, एवढंच. पण महिना संपताना दहा-बारा गोळ्या शिल्लक असायच्या. माझा थोरला भाऊ त्या मोजायचा आणि भडकायचा. "बाबा, उद्या अर्धांग गेलं तर काय करणार आहात?" मोबाइलवर पक्षाघाताचे व्हिडिओ काढून त्यांच्यापुढे धरायचा. बाबा मान खाली घालून ऐकून घ्यायचे. चार दिवस गोळ्या नियमित जायच्या, मग पुन्हा तेच. दादाने निकाल देऊन टाकला: "यांना बरं व्हायचंच नाहीये."

मी मानसशास्त्र शिकवते. आणि मी काय केलं? त्याच निकालाला शास्त्रीय नाव दिलं. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ साली धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून बदलाचे टप्पे मांडले, ते पुढे असे रूढ झाले: विचारच नाही, विचार चालू आहे, तयारी, कृती, मग ती टिकवणं. बाबा पहिल्या टप्प्यात आहेत, असं मनाशी ठरवून मी मोकळी झाले. ते आजही खुपतं. हे टप्पे माणसावर मारायचे शिक्के म्हणून वापरले की माणूस दिसेनासा होतो. रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये हे मॉडेल आता बाजूला ठेवावं असं थेट लिहिलं, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. मला वेस्ट पटतात.

मग एकदा पहाटे पाणी प्यायला उठले. बाबांच्या खोलीत दिवा होता. ते पलंगाच्या काठावर बसले होते, हातात गोळ्यांची स्ट्रिप. उजव्या अंगठ्याने दाबत होते. त्या अंगठ्याचं पेर संधिवाताने सुजलेलं, तो पुरता वाकतच नव्हता. फॉइलला नुसती खळगी पडत होती. मग त्यांनी कपाटाची किल्ली घेतली आणि टोकाने फॉइल फोडलं. गोळीचे दोन तुकडे झाले, एक घरंगळत पलंगाखाली गेला. वाकून शोधणं त्यांना जमणार नव्हतं. हातातला तुकडा त्यांनी थोडा वेळ पाहिला आणि स्ट्रिप उशीखाली सारली. मी दारात दिसले तेव्हा म्हणाले, "हात ओला होता गं."

विद्यार्थ्यांना मी दरवर्षी जे शिकवत होते ते माझ्याच घरात घडत होतं. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेला प्रश्न पडला होता, की क्षयाची एक्स-रे तपासणी फुकट आहे, गाड्या वस्तीपर्यंत जातात, तरी लोक का येत नाहीत? हॉचबाम, रोझेनस्टॉक वगैरे मंडळींनी त्यातून हेल्थ बिलीफ मॉडेल उभं केलं. त्यात चार प्रश्न आहेत: मला हे होऊ शकतं का, झालं तर किती गंभीर, उपायाचा फायदा काय, आणि तो करण्यात अडचण काय. दादाची सगळी भाषणं पहिल्या दोन प्रश्नांवर होती, आणि ते दोन्ही बाबांना केव्हाच पटलेले होते. चौथा प्रश्न आम्ही दोघांनी त्यांना एकदाही विचारला नाही.

आणि भीतीचं म्हणाल, तर १९६५ साली येल विद्यापीठात लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दलच्या पुस्तिका दिल्या. काही पुस्तिका अंगावर काटा आणणाऱ्या होत्या. त्या वाचून घाबरलेल्यांनी लस घ्यायला हवी हे मान्य केलं, पण गेलं जवळपास कोणीच नाही, साधारण ३ टक्के. ज्यांना सोबत आरोग्यकेंद्राची खूण केलेला नकाशा दिला आणि आपल्या वेळापत्रकात कधी जाता येईल ते बघायला लावलं, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के लस घेऊन आले.

त्यानंतर आम्ही एवढंच केलं: मोठ्या झाकणाची सात कप्प्यांची डबी आणली. दर रविवारी मी गोळ्या काढून त्यात भरते. डबी दाढीच्या सामानाशेजारी असते. दाढी झाली की गोळी. बाबा एकही दिवस दाढी चुकवत नाहीत, म्हणून तीच वेळ धरली. गोलविट्झर यांची 'जर-तर' योजना ती हीच: अमुक झालं की मी तमुक करीन, असं आधीच बांधून ठेवायचं. दोनेक महिन्यांनी रविवारी रिकामी डबी बाबाच आणून माझ्यापुढे ठेवायला लागले. बांडुरा १९७७ पासून सांगत होते, की 'मला हे जमतं' हा विश्वास सगळ्यात जास्त कशाने वाढत असेल तर स्वतः करून जमल्याने.

बाकी सिद्धांत परीक्षेसाठी हवे असतील तर आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत (इरादा कसा बनतो ते तिथे नीट कळतं, इराद्यापुढचं कमी कळतं) आणि मिची व सहकाऱ्यांचं २०११ चं कॉम-बी: कुठल्याही वर्तनाला क्षमता, संधी, प्रेरणा तिन्ही लागतात. एकच वाचणार असाल तर कॉम-बी वाचा, कारण त्यात प्रेरणा तीनातली एक आहे. आणि २१ दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढून टाका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी मोजलं तेव्हा मध्यक ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता.

तुमच्या आईबद्दल: तिला काही सांगू नका. एक दिवस तिच्याबरोबर चालायला जा आणि ती कुठे थांबते ते बघा.

दादा अजून म्हणतो, "पण शेवटी बाबांनीच मनावर घेतलं ना?" एकदा मी त्याच्या हातात स्ट्रिप दिली आणि म्हटलं, अंगठा न वाकवता काढून दाखव. तीनदा प्रयत्न करून त्याने ती टेबलावर ठेवली आणि बाबांची पुढची तपासणी कधी आहे ते विचारलं.

दोन गोष्टी राहिल्या. येलच्या त्या प्रयोगात एकेका गटात विद्यार्थी थोडेच होते, आणि ज्यांना नुसता नकाशा मिळाला, भीतीची पुस्तिका नाही, त्यांनीही लस घेतली नाही. म्हणजे धोक्याची जाणीव लागतेच, एवढं दादाचं खरं. दुसरं, सगळ्याच गोळ्या फॉइलमधून काढून ठेवता येत नाहीत, काही हवेने खराब होतात. डबी भरण्याआधी केमिस्टला विचारा. मी विचारलं होतं.